तलावाकाठची एक दिवसाची सायकल सहल : किलोमीटर सगळ्यात शेवटी ठरवायचे

दर वेळी तेच होतं. कोणीतरी मॅप उघडतं, तलावाभोवती बोट फिरवतं, "अरे फक्त सत्तर किलोमीटर आहे, होऊन जाईल" म्हणतं, आणि मग त्या सत्तरात एक किल्ला, एक संग्रहालय, दोन जुने पूल, पाण्याकाठी डबा आणि वर सूर्यास्त असं सगळं कोंबलं जातं. संध्याकाळी हिशेब असा निघतो की किल्ला बाहेरूनच बघितला, संग्रहालय बंद झालं होतं, डबा रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या संपवला आणि शेवटचे पंधरा किलोमीटर मोबाईलच्या टॉर्चवर काढले. मी स्वतः हे दोनदा केलंय, म्हणून हक्काने सांगतोय.

अशा सहलीत पाय कमी पडत नाहीत, वेळ कमी पडतो. त्यामुळे क्रम उलटा हवा. आधी हातात किती तास आहेत ते, मग थांबे, आणि उरलेल्या वेळात बसतील तेवढेच किलोमीटर. खाली याच क्रमाने लिहिलंय. पहिली आणि चौथी पायरी लोक हमखास गाळतात आणि तिथेच सगळं फिसकटतं.

## १. तासांचा हिशेब (कागदावर, मॅप न उघडता)

निघायची आणि परत पोचायची वेळ लिहा. परत पोचायची वेळ म्हणजे सूर्यास्त नाही, सूर्यास्ताच्या किमान एक तास आधीची. कॅलेंडरमधली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजाची असते, तलाव डोंगरांच्या मधोमध असेल तर सूर्य त्याच्या बराच आधी डोंगराआड जातो आणि झाडीतला रस्ता तेव्हाच काळवंडतो.

समजा सकाळी ७ ते संध्याकाळी ५, म्हणजे १० तास. यातला १ तास आधीच बाजूला काढा, तो पंक्चर, चुकलेला फाटा आणि कोणाच्या तरी उतरलेल्या चेनसाठी. उरले ९. जेवण आणि नंतरचं पसरणं दीड तास, उरले साडेसात. दोन मोठी ठिकाणं प्रत्येकी सव्वा तास, म्हणजे अडीच तास गेले, उरले ५. (सव्वा तास जास्त वाटतो ना? कुलूप लावणं, सामान काढणं, तिकीट, तोंड धुणं, परत येऊन सगळं बांधणं यातच वीस मिनिटं जातात, आणि ही वीस मिनिटं कोणीच धरत नाही.) मग फोटो, पाणी, "जरा थांब रे" यासाठी तासाला १० मिनिटं. म्हणजे प्रत्यक्ष पेडल मारायला राहिले जेमतेम ४ तास.

आरामात चालवणाऱ्याचा वेग सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १४-१५ किमी, चढउतारावर १२, कच्च्या वाटेवर ८ ते १०. चार तासांत ४५ ते ५० किमी धरा. सोबत नवखं माणूस असेल तर ३५, आणि वेग त्या माणसाचा धरायचा, तुमचा नाही.

तपासा: एकूण किलोमीटर भागिले दिवसाचे एकूण तास. ४८ भागिले १०, म्हणजे पाचच्या आसपास. "इतकं कमी?" असं वाटलं तर हिशेब बरोबर आहे. आकडा ८ च्या वर गेला तर एखादं ठिकाण कापा, पहाटे तीनला निघायचे बेत करू नका.

## २. थांबे निवडा : दोन मोठे, बाकी वाटेतले

मोठी ठिकाणं दोनच. तिसरं घेतलंत की तिन्ही घाईत होतात.

प्रत्येक ठिकाणाच्या तीन गोष्टी शोधून कागदावर लिहा : उघडायची वेळ, शेवटचा प्रवेश किती वाजता, आणि साप्ताहिक सुट्टीचा वार. लोक बंद व्हायची वेळ बघतात, शेवटचा प्रवेश बघत नाहीत, तो बऱ्याचदा अर्धा ते एक तास आधीच बंद होतो. जगभरात बऱ्याच संग्रहालयांना सोमवारी सुट्टी असते, त्यामुळे "सोमवारी गर्दी नसेल" म्हणून रजा टाकणाऱ्यांनी आधी हे बघावं.

मग क्रम. ज्या ठिकाणी पायऱ्या चढायच्या आहेत, किल्ला, मनोरा वगैरे, ते सकाळी. तीस किलोमीटर पेडल मारल्यावर दगडी पायऱ्या चढताना काही वाटत नाही, पण उतरताना मांड्या थरथरतात आणि जुन्या पायऱ्या मधोमध झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. छताखालचं ठिकाण, संग्रहालय किंवा एखादी मोठी जुनी इमारत, ते दुपारच्या उन्हात.

वाटेतल्या छोट्या गोष्टींची यादी करू नका, फक्त मॅपवर खुणा करा. जुना दगडी पूल, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, रस्त्याकडेचा मैलाचा दगड. आवडलं तर थांबायचं, नाहीतर पुढे. खरं सांगायचं तर घरी आल्यावर आठवतात त्या याच जागा.

तलाव धरणाचा असेल तर एक जादा गोष्ट. धरणाखाली जुने रस्ते, पूल, कधीकधी अख्खी गावं गेलेली असतात आणि पाणी उतरलं की त्यातलं काही वर येतं. ते बघायचं असेल तर पाणी सध्या किती आहे हे जवळच्या कोणाला तरी विचारून जा, मागच्या वर्षीचा फोटो बघून नको.

इशारा: पाणी मागे गेलेल्या जागी वरून भेगा पडलेला कोरडा चिखल दिसतो. वरचा पापुद्रा वाळलेला असतो, खाली लोण्यासारखं मऊ. चाक आत गेलं की टायर आणि मडगार्डच्या मध्ये चिखल ठासून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. आधी सायकल आडवी ठेवून चालत जा, टाच जोरात आपटा, ओलं वर आलं तर पुढे जायचं नाही.

## ३. आता मॅप

पूर्ण फेरी मारलीच पाहिजे असा काही नियम नाही. जपानमधल्या बिवा तलावाची फेरी साधारण २०० किमी आहे, युरोपातल्या कॉन्स्टन्स तलावाची त्याहून जास्त. अशा तलावाला एकच काठ पकडा आणि परत बोटीने नाहीतर ट्रेनने या. सायकल चढवू देतात का आणि शेवटची फेरी कितीची, या दोन प्रश्नांची उत्तरं निघण्याआधी हवीत, धक्क्यावर पोचल्यावर नाही.

तलाव लहान असेल आणि फेरीच मारायची असेल तर दिशा ठरवायला या क्रमाने बघा.

वाहनं. रस्त्यावर वाहनं डावीकडून चालत असतील तर तलाव डाव्या हाताला राहील अशी फेरी घ्या, म्हणजे घड्याळाच्या उलट. पाण्याकडे थांबायला रस्ता ओलांडावा लागत नाही आणि पाण्याच्या बाजूने फाटे कमी फुटत असल्यामुळे आडवं कोणी येत नाही. बिवाला घड्याळाच्या उलट फिरतात ते यामुळेच. कॉन्स्टन्सला वाहनं उजवीकडून, म्हणून तिथे बहुतेक जण घड्याळाच्या दिशेने जातात.

ऊन. सकाळी पूर्व काठ, दुपारनंतर पश्चिम काठ. सकाळी पूर्व काठावर पाण्याकडे बघताना सूर्य तुमच्यामागे असतो, डोंगर असेल तर त्याची सावली मिळते, आणि समोरचा काठ उजळलेला दिसतो. दुपारनंतर पश्चिम काठावर तेच, फक्त बाजू बदलून. डावीकडून वाहनं असतील तर दक्षिण टोकापासून निघा, उजवीकडून असतील तर उत्तर टोकापासून, की वाहनं आणि ऊन दोन्ही आपोआप जुळतं. कागदावर गोल काढून बाण मारून बघा, पटेल.

वारा. दिवसा जमीन पाण्याच्या आधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिच्या जागी तलावावरची गार हवा काठाकडे येते. मोठ्या तलावांवर हे वारं सकाळी उशिरा सुरू होतं आणि दुपारी जोर धरतं. काठाने जाताना ते बाजूने लागतं, तेवढा त्रास होत नाही, पण झाडीतून एकदम उघड्या पुलावर आलात की सायकल हातभर बाजूला सरकते, तेव्हा दोन्ही हात हँडलवर हवेत. फेरी न मारता जाऊन-येऊन करणार असाल तर मात्र वाऱ्याचा नंबर पहिला, जाताना समोरून, येताना पाठीवर. उलटं केलंत तर सकाळी आपण किती फिट आहोत असं वाटत राहतं आणि खरं काय ते परतताना कळतं.

दिशा झाली, आता चढ बघा. काठाचा रस्ता मॅपवर सपाट वाटतो कारण पाणी सपाट असतं, डोळा फसतो. प्रत्यक्षात तलावाला येऊन मिळणारा प्रत्येक ओढा म्हणजे एक उतार आणि लगेच एक चढ, असे वीस ओढे असले की पाय बोलायला लागतात. बहुतेक मॅप ॲपमध्ये एकूण चढाई दिसते. ४० किमीला ३०० मीटरपर्यंत असेल तर वर धरलेला ताशी १२ चा वेग चालतो, त्यापुढच्या दर १०० मीटरला मी १५ मिनिटं जादा धरतो.

आणि सुटकेच्या वाटा. पूल, बोटीचा धक्का, मोठ्या रस्त्याला लागणारे फाटे, जिथून सहल मध्येच आवरता येईल अशा दोन जागा तरी मॅपवर हव्यात. धरणाच्या भिंतीला मात्र सुटकेची वाट धरू नका. मॅप बिनधास्त भिंतीवरून रेघ ओढतो, पण बऱ्याच धरणांवर सामान्य लोकांना जाऊ देत नाहीत. आम्ही एकदा गेटपर्यंत पोचलो, तिथला माणूस हसला, आणि मग १८ किलोमीटरचा वळसा.

तपासा: मॅप ऑफलाइन उतरवून घेतलाय? फोन फ्लाइट मोडवर टाकून रस्ता दिसतो का ते घरीच बघा.

## ४. सायकलची तपासणी, दोन दिवस आधी

आदल्या रात्री तपासणी करून उपयोग नाही. ब्रेकची केबल तुटायला आलेली दिसली तर ती बदलणार कधी? दोन दिवस आधी बघा म्हणजे दुरुस्तीला एक पूर्ण दिवस हातात राहतो.

टायर. अंगठ्याने दाबून "टाइट आहे" म्हणणं बंद करा, अंगठ्याला ३५ आणि ५५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) सारखेच लागतात. गेज असलेला पंप वापरा. टायरच्या कडेवर हवेची मर्यादा छापलेली असते, पण वरच्या आकड्यापर्यंत भरायची गरज नसते. अंदाज म्हणून, ७० किलोच्या माणसाला ४० मिमी रुंद टायरमध्ये ४५ ते ५५ पीएसआय, ३२ मिमीला ६० ते ७०, दोन इंची जाड टायरला ३० ते ४०. मागच्या चाकावर वजन जास्त म्हणून तिथे चार-पाच पीएसआय जास्त. टायर हाताने फिरवत पूर्ण बघा, काचेचा बारीक तुकडा रबरात रुतून बसलेला असतो, आज नाही तर परवा आत जाणारच.

ब्रेक. लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकता कामा नये. पॅडवरच्या खाचा पुसल्या गेल्या असतील तर बदला.

चेन. फडक्याने पुसा, प्रत्येक कडीच्या रोलरवर तेलाचा एकेक थेंब, पेडल उलटं फिरवा, दहा मिनिटं थांबा आणि वरचं तेल पुसून टाका. हे शेवटचं पुसणं सगळे विसरतात, मग कच्च्या वाटेवरची सगळी धूळ चेनला चिकटते आणि करकर सुरू होते.

सीट. दिवसभराच्या सहलीत गुडघे दुखायचं कारण बहुतेक वेळा सीट खाली असणं. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली, पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखं पंजाने पेडल मारलं की गुडघ्यात थोडा बाक राहतो, तेवढाच हवा. सीटपोस्टवर (सीटच्या दांड्यावर) जी किमान खूण असते ती बाहेर दिसता कामा नये. उंची बदलली असेल तर सहलीच्या आधी दहा किलोमीटर चालवून बघा. नवी सीट, नवे शूज, नवी शॉर्ट्स यातलं काहीही सहलीच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

तपासा: सायकल वीतभर उचला आणि सोडा. थप्प असा एकच आवाज आला तर ठीक. खळखळ आली तर काहीतरी सैल आहे. बहुतेक वेळा बाटलीचा स्टँड नाहीतर मडगार्ड, पण कधी चाकाचा क्विक रिलीजही (चाक पटकन काढायचा खटका) निघतो, म्हणून शोधल्याशिवाय सोडू नका.

## ५. सामान

पाठीवर सॅक नको. वजन सायकलवर, जमेल तितकं खाली. कॅरिअरला लावायच्या पिशव्या असतील तर दोन्हीकडे सारखं वजन, एकच असेल तर जड वस्तू तळाला. स्ट्रॅपचं लोंबणारं टोक बांधून टाका, ते चाकात गेलं तर एका झटक्यात मागचं चाक जाम होतं.

न विसरण्यासारखं : एक जादा ट्यूब (स्वतःच्या चाकाच्या मापाची, मित्राच्या नाही), पंक्चरचं सामान, दोन टायर लिव्हर (रिमवरून टायर उचकटायच्या पट्ट्या), पंप, ॲलन कीचा संच, कुलूप, मागचा लाल आणि पुढचा पांढरा दिवा, वाऱ्यासाठी पातळ जाकीट, ओळखपत्र, थोडे सुटे पैसे, प्लास्टिकच्या पिशवीत पॉवर बँक. आणि पारदर्शक काचेचा चष्मा. हा लोकांना चैनीचा वाटतो, पण संध्याकाळी पाण्याकाठी चिलटांचे थवेच्या थवे असतात, उतारावर एक डोळ्यात गेलं की पुढचं काही दिसत नाही.

पाणी तासाला साधारण अर्धा लिटर, उन्हाळ्यात जास्त. समोर अख्खा तलाव आहे म्हणून बाटली कमी नेऊ नका, तलावाचं पाणी तसंच पिण्यालायक नसतं.

तपासा: पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो का? बारीक व्हॉल्व्ह वेगळा, मोटारसारखा जाड वेगळा. पंप लावून दोन स्ट्रोक मारून बघितल्याशिवाय तो बॅगेत टाकायचा नाही.

## ६. पहिले दहा किलोमीटर

सकाळची हवा गार, पाय ताजे, रस्ता रिकामा, आणि सगळे सुसाट सुटतात. दुपारी जो गळून बसतो त्याने सकाळचा पहिला तास जोरात मारलेला असतो. पहिले पाच किलोमीटर मुद्दाम हलक्या गिअरमध्ये चालवा, मिनिटाला ७० ते ८० फेऱ्या, पेडलवर जोर न देता. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. धाप लागून शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे.

चढ दिसला की चढ लागायच्या आधी गिअर उतरवा. चढावर मध्येच, पूर्ण जोर लावलेला असताना गिअर बदलला की चेन खटकन उड्या मारते आणि कधी उतरतेही.

दर पाऊण तासाला काहीतरी खा, भूक लागायची वाट न बघता. तहान आणि भूक सायकलवर उशिरा कळतात. आणि पंधरा-वीस मिनिटांनी पेडलवर उभं राहून थोडं चालवा, हात हँडलवर वेगळ्या जागी धरा, नाहीतर करंगळ्या बधिर होतात.

तपासा: पहिल्या तासाच्या शेवटी घड्याळ आणि किलोमीटर बघा. ठरवलेल्यापेक्षा पुढे असाल तरी ठिकाण वाढवायचं नाही. तो वेळ दुपारी लागतो.

## ७. ठिकाणावर पोचल्यावर

आधी सायकल कुठे लावायची ते. जुन्या भिंतीला टेकवू नका, हँडलचं टोक आणि पेडल चुन्याच्या गिलाव्यावर ओरखडे काढतात आणि तो गिलावा शंभर-दोनशे वर्षांचा असू शकतो. ऐतिहासिक वास्तूच्या रेलिंगलाही कुलूप अडकवू नका, परत येईपर्यंत कोणीतरी चिडलेलं असतं. विचारलं तर तिथले लोक जागा दाखवतातच.

कुलूप फ्रेममधून आणि मागच्या चाकातून, आणि खांबाला. नुसत्या पुढच्या चाकाला लावलेलं कुलूप म्हणजे चाक जागेवर आणि सायकल गायब. दिवा, पंप, मोबाईल होल्डर काढून सोबत घ्या. किल्ली रोज एकाच खिशात, हे सांगायला लाज वाटते पण अर्धा तास किल्ली शोधण्यात मीही घालवलाय.

आत जाण्याआधी पाणी प्या आणि पाच मिनिटं बसा. घामाघूम अंगाने थेट गार दगडी वास्तूत शिरलात की दहा मिनिटांत पाठ आखडते, पातळ जाकीट इथेच लागतं. प्रार्थनास्थळ असेल तर घट्ट सायकलच्या शॉर्ट्सवर चढवायला एखादी सैल पँट असू द्या.

## ८. पाण्याकाठचे अवघड तुकडे

लाकडी फळ्या. धक्के, छोटे पूल. ओल्या फळीवर ब्रेक मारायचा नाही आणि वळायचं नाही, वेग आधीच कमी करून सरळ जायचं. फळ्या तुमच्या दिशेने लांब टाकलेल्या असतील तर फटीत चाक अडकतं, उतरून चाला.

दगडी फरसबंदी. जुन्या वस्त्यांमध्ये हमखास. हँडल घट्ट धरलं की हादरे खांद्यापर्यंत जातात. पकड सैल, कोपरं वाकलेली, एक गिअर जड, सीटवरून किंचित उठून. टायरमध्ये हवा ठासून भरली असेल तर इथे दात वाजतात.

उतारावरची खडी. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात ब्रेक नाही. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, वजन मागे. नुसता पुढचा दाबला की पुढचं चाक घसरतं आणि सावरायला वेळच मिळत नाही.

ओले ब्रेक. पाण्यातून चाक गेलं आणि ब्रेक रिमवर चालणारे असतील तर पहिल्या काही फेऱ्या पॅड फक्त पाणी पुसतं, थांबत काहीच नाही. उतार लागायच्या आधी दोनदा हलका दाबून रिम कोरडी करून घ्या.

इशारा: घामाने भिजून, तापलेल्या अंगाने तलावात उडी मारायची नाही. गार पाण्याने श्वास अडकतो, आणि धरणाच्या तलावात काठापासून दोन पावलांवर एकदम खोल असू शकतं. जिथे पोहायची परवानगी आहे तिथेच, अंग निवल्यावर.

इशारा: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंद किंवा कमी लागले तर उघडा काठ लगेच सोडा आणि पक्क्या इमारतीत जा. एकट्या झाडाखाली नाही. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा.

## ९. पंक्चर

होतंच. घाबरायचं नाही, पण क्रम चुकवायचा नाही.

१. मागचं चाक असेल तर काढायच्या आधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणा. चाक काढायला आणि बसवायला दोन्हीला सोपं.

२. टायर एका बाजूने काढा, ट्यूब बाहेर. टायर आणि ट्यूब एकमेकांना कसे होते ते लक्षात ठेवा, व्हॉल्व्हपासून किती अंतरावर भोक आहे त्यावरून टायरमधला काटा नेमका कुठे ते सापडतं.

३. कारण शोधा. नव्वद टक्के घाई इथेच होते. टायरच्या आतून फडकं फिरवा, काटा असेल तिथे अडकतं. (बोट फिरवू नका, मी फिरवलं होतं.) काटा न काढता नवी ट्यूब घातली तर दोन किलोमीटरवर तीही गेली. शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा नाहीच, हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली.

४. नव्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून गोल करा, मग आत बसवा. टायरचा शेवटचा भाग तळहाताने ढकला, लिव्हरने ओढाल तर नव्या ट्यूबलाच भोक. व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून पाहा आणि पूर्ण चाकभर दोन्ही बाजूंनी ट्यूब कुठे डोकावत नाही ना ते बघा.

५. जुनी ट्यूब जेवणाच्या थांब्यावर निवांत दुरुस्त करा. घासा, सोल्यूशन भोकाच्या आजूबाजूला पॅचपेक्षा मोठ्या गोलात लावा, आणि थांबा. ओल्या सोल्यूशनवर पॅच चिकटवणं ही सगळ्यात मोठी चूक. चकाकी जाऊन बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण पाच मिनिटं, मग पॅच आणि जोरात दाबा.

## १०. परतीचा निर्णय

फेरीच्या सहलीत अर्ध्यावर पोचल्यावर परत फिरण्यात काही अर्थ नसतो, दोन्हीकडून तेवढंच अंतर. म्हणून निर्णय एक तृतीयांशावर घ्यायचा. ४८ किमीची फेरी असेल तर १६ किमीवर थांबा, घड्याळ बघा. ठरवलेल्यापेक्षा पाऊण तासापेक्षा जास्त मागे असाल तर दोनच पर्याय, आलेल्या वाटेने परत, किंवा दुसरं मोठं ठिकाण सोडून फेरी पूर्ण. "पुढे वेग वाढवू" हा पर्याय नाही, जेवणानंतर कोणाचाच वेग वाढत नाही.

जेवणानंतर लगेच चढ असेल असा थांबा निवडू नका. आणि जेवण झाल्यावर निघण्याआधी टायर एकदा दाबून बघा, हळू हवा जाणारं पंक्चर अशाच वेळी सापडतं. इथे अंगठा चालतो, प्रश्न फक्त "आहे की नाही" इतकाच असतो.

दुपारनंतर ग्रुप लांबतो. सगळ्यात हळू माणसाला मागे नाही, पुढून दुसऱ्या नंबरावर ठेवा, तो वेग ठरवेल आणि मागे एकटा राहणार नाही. फाट्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा दिसेपर्यंत.

मागचा लाल दिवा सूर्य कलला की लावा, अंधाराची वाट बघू नका. मावळतीच्या उन्हात समोरची तिरीप डोळ्यावर घेत मागून येणाऱ्या ड्रायव्हरला तुम्ही दिसतच नाही, आणि तुमच्या चेहऱ्यावर ऊन येत असेल तर मागून येणाऱ्याच्याही डोळ्यांवर तेच ऊन आहे.

घरी पोचल्यावर चेन पुसा, ओली असेल तर तेलही लावा, रात्रभर तशीच राहिली तर सकाळी नारंगी झालेली असते. आणि तो सकाळचा कागद खिशातून काढून प्रत्येक थांब्यासमोर खरी लागलेली वेळ लिहा. माझ्या कागदावर जेवणासमोर दीड तास लिहिलेला असतो आणि शेजारी दर वेळी दोन तास दहा मिनिटं.